नाक झुकलेली मोटार

परवा शाळेच्या शिक्षक-खोलीत मी एक खोटे बोललो. आमच्याकडे मधल्या सुटीत चहा येतो तो बहुधा गार होऊन येतो, आणि तो पुन्हा गरम होईपर्यंत कसला ना कसला विषय काढावाच लागतो. त्या दिवशी सिनेमाचा निघाला. इतिहासाच्या सरांनी एका इराणी चित्रपटाचे नाव घेतले. ते त्यांना धड उच्चारता आले नाही. पण त्यामुळे त्या चित्रपटाचे वजन वाढलेच. मराठीच्या बाईंनी एका जपानी चित्रपटातल्या म्हाताऱ्याविषयी इतके हळुवार सांगितले की गणिताच्या सरांनीसुद्धा वही मिटली. मग सगळ्यांची तोंडे माझ्याकडे वळली. कादंबरीकार ना मी! "अलीकडे तुम्ही काय पाहिलंत?"

"'पथेर पांचाली' पुन्हा एकदा पाहिला," मी म्हणालो, आणि थोडे खिडकीबाहेर पाहिले.

खरी गोष्ट अशी होती की आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत, पांघरूण डोक्यावरून घेऊन आणि मोबाईलचा आवाज अगदी बारीक करून, मी एका अमेरिकन मोटारचोराचा पाठलाग पाहत होतो. आणि तोही तिसऱ्यांदा. पांघरुणाखालचा उजेड पाहून आमच्या घरात असा समज झाला की मी नव्या कादंबरीची टिपणे काढतो आहे. सकाळी मला बदाम घातलेले दूध मिळाले. ते मी प्यालो. म्हणजे खोटे एक नव्हे, दोन झाली.

ही लपवाछपवी कशासाठी, हे सांगायचे तर माझ्या शिक्षणापासून सुरुवात केली पाहिजे. आणि ती सुरुवात केली की लगेच संपते. मी मॅट्रिक. आता त्या परीक्षेला कोणी मॅट्रिक म्हणत नाही, पण माझ्या वडिलांनी माझा निकाल गावभर याच नावाने सांगितला, म्हणून मीही तेच धरून ठेवले आहे. पुढे ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या, चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि या शाळेत लागलो. कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर आम्हा शिक्षकांची नावे रंगवलेली आहेत. ती मीच रंगवली. प्रत्येक नावामागे एम. ए., एम. एस्सी., बी. एड. अशी अक्षरांची आगगाडी लागली आहे. माझे नाव मात्र डबे सुटून गेलेल्या इंजिनासारखे एकटेच उभे आहे. पुढे दोन कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या एकीबद्दल बरे बोलले गेले, आणि मग तर जबाबदारी वाढलीच. ज्याच्याजवळ पदव्या नसतात त्याला अभिरुची जवळ बाळगावी लागते. आणि ती इस्त्रीच्या कपड्यासारखी जपावी लागते, कारण बदलायला दुसरा जोड नसतो.

वास्तविक मी मुळात तंबूतल्या सिनेमाचा माणूस. पुसेगावच्या यात्रेत वडिलांच्या मांडीवर बसून मी जे सिनेमे पाहिले, त्यांची नावे आज आठवत नाहीत. वडिलांचे हसणे मात्र आठवते. पडद्यावरचा नायक खाली पडला की वडील "ऊठ की रे मर्दा!" म्हणून ओरडत, आणि तो उठला की त्यांच्यामुळेच उठला अशा समाधानाने मागच्या रांगेकडे वळून बघत. आजोबा त्यांच्याही पुढचे. ते नाडियाचे भक्त. वाडिया बंधूंची ती 'हंटरवाली' १९३५ सालची. पुढच्याच वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये धावत्या आगगाडीच्या टपावर तिने पुरुषांना चोप दिला. ही बाई मूळची ऑस्ट्रेलियातल्या पर्थची, आणि अंगावरच्या कसरती ती स्वतः करी. आजोबांचे सिनेमाविषयीचे सगळे शास्त्र एका वाक्यात मावत असे: "खरंच उडी मारली का, एवढं बघायचं." मी चार मासिके वाचू लागलो तेव्हा मला या शास्त्राची लाज वाटू लागली. मारधाडीचा सिनेमा म्हणजे गल्लाभरू, गल्लाभरू म्हणजे हलका, आणि हलके आवडणे म्हणजे आपण हलके असणे, अशी पायरीपायरीने माझी समजूत झाली. एखादा माणूस गावची बोली विसरतो तशी मी ती आवड विसरलो. निदान विसरलो असे समजत होतो.

गेल्या श्रावणात माझी मारुती आठशे पाटण रस्त्यावर उभी राहिली. ही मोटार मी घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. गियर पडेना, इंजिन ओरडे पण चाके हलेनात, वरून पाऊस. एका टेम्पोवाल्याने दोर बांधून मला जवळच्या गॅरेजपर्यंत ओढत नेले. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक खड्डा, आणि दारात सांगाडा उरलेल्या तीन गाड्या. आतून एक तिशीतला माणूस हात पुसत आला आणि थबकला.

"सर, तुम्ही?"

तो वाकला. दोन्ही हात वंगणाने काळे, म्हणून त्याने कोपरानेच माझ्या गुडघ्याला स्पर्श केला. मी त्याला ओळखले. आणि ओळखले त्याच क्षणी मला थोडे बरे वाटेनासे झाले. कारण सांगतो, पण जरा पुढे.

त्याने मोटारीखाली डोके घालून निदान केले. क्लचप्लेट गेली. नवी कऱ्हाडहून एसटीने मागवावी लागणार. म्हणजे दोन-तीन तास. एका जीपमधून काढलेले सीट भिंतीशी होते, त्यावर मला बसवले, काचेच्या ग्लासात चहा दिला, आणि जुन्या बॅटरीला टेकवून आपला मोबाईल माझ्यासमोर उभा केला. "कंटाळा येईल, सर. हे बघा. आमच्या पोरांची ही पोथी आहे."

पोथी इंग्रजी होती. 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स', साल १९७४. मी चष्मा पुसला आणि शिष्टाचार म्हणून पाहू लागलो.

पहिला अर्धा तास मी माझ्या अभिरुचीला पूर्णपणे शोभेल असा बसलो होतो. या चित्रपटात नावे ठेवायला इतकी जागा आहे की टीकाकाराला निवड करणे कठीण. माणसे बोलतात ती बऱ्याचदा पाठमोरी असतात किंवा दिसतच नाहीत. पडद्यावर मोटार चाललेली असते आणि संवाद कुठून तरी वरून पडतात. अभिनय करणारे बहुतेक नटच नव्हेत. दिग्दर्शकाचे मित्र, नातलग, गावातले लोक. कार्सन नावाच्या शहराचा महापौर स्वतः महापौर म्हणून येऊन जातो. मध्येच एक आगगाडी रुळांवरून घसरून पडलेली दिसते. तिचा कथेशी संबंध शोधायला जाऊ नये. आगगाडी खरोखरच घसरली होती, आणि अशी संधी पुन्हा यायची नाही म्हणून यांनी कॅमेरा नेऊन तिथे दृश्य उरकून घेतले! आमच्या गावच्या हौशी नाटकमंडळींनी सत्यनारायणाचा मांडव आयता मिळाला म्हणून नाटकात पूजेचा प्रवेश घातला होता, त्याची मला आठवण झाली.

कथा म्हणाल तर एका ओळीची. एक बडा गिऱ्हाईक येतो, अठ्ठेचाळीस मोटारींची यादी देतो, मुदत पाच दिवस, मोबदला चार लाख डॉलर. चोरांच्या टोळीने प्रत्येक मोटारीला बाईचे नाव दिले आहे, म्हणजे परक्याने बोलणे ऐकले तरी त्याला संशय येऊ नये. यादीतली एक पिवळी मस्टँग, तिचे नाव एलिनॉर. ती काही केल्या हाती लागत नाही. आणि एक लागते तर तिचा विमा उतरवलेला नसतो. आता पाहा, या चोराचा नेम असा की विमा नसलेल्या गरिबाची मोटार घ्यायची नाही. म्हणून चोरलेली मोटार तो परत पाठवतो आणि दुसरी शोधायला निघतो! माझ्या दोन्ही कादंबऱ्यांत मिळून इतका तत्त्वनिष्ठ मनुष्य एक नाही.

या चोराचा दिवसाचा धंदा कोणता असावा? तो विमा कंपनीचा तपासनीस असतो. चोरीला गेलेल्या मोटारींची चौकशी करणे हे त्याचे पोट भरायचे काम. दिवसा सभ्य पोशाखात अपघाताच्या जागी उभा राहून टिपणे घेणारा हा गृहस्थ रात्री खोटा केसांचा टोप आणि मिशा लावून कुलपे उघडतो. त्या जीपच्या सीटवर मला काही विशेष वाटले नाही; पण पुढे पांघरुणाखाली, दिवसा सत्यजित राय आणि रात्री हा उद्योग करताना, मला त्याच्याविषयी बंधुभाव वाटू लागला हे कबूल करतो.

शेवटच्या भागाला तोंड लागले तेव्हा गॅरेजमधली दोन पोरे आपोआप कामे टाकून माझ्या मागे येऊन उभी राहिली. त्यांच्या मालकानेही पाना खाली ठेवला. "आता गप्प बसायचं, सर," तो म्हणाला. शाळेत हे वाक्य मी त्याला किती वेळा म्हटले असेन.

आणि मग तो पाठलाग सुरू झाला. लाँग बीचपासून निघालेली पिवळी मोटार आणि तिच्यामागे पोलीस. हे सुमारे चाळीस मिनिटे चालते. चाळीस मिनिटे म्हणजे माझा एक तास पुरा. तिला ना पार्श्वभूमी ना प्रेमकथा, नुसती मोटार. पोलिसांच्या गाड्या एकमेकींवर आदळतात, बाजूच्या शेतात घुसतात, खांबाला कवटाळतात. एलिनॉरचा आधी एक दिवा जातो, मग बंपर, मग दरवाजा आत जातो; हळूहळू ती चेमटत जाते, पण चालत राहते. चित्रपटाच्या आरंभीच्या नामावलीत नटनट्यांऐवजी या मोटारीचेच नाव आले होते, तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येईना. मी तिच्याकडे, यात्रेत वडील नायकाकडे पाहत तसा पाहत होतो.

"सर, हे खरं आहे हं," मागून आवाज आला. "ह्यात काही केलेलं नाही. हा जो चालवतोय ना, त्याचंच गॅरेज होतं. भंगाराचं."

हे मी पुढे वाचून पडताळून पाहिले, आणि ते तंतोतंत खरे निघाले. या माणसाचे नाव एच. बी. हॅलिकी. जन्म १९४०, न्यू यॉर्क राज्यातल्या डंकर्क गावचा. तरुणपणी कॅलिफोर्नियात आला आणि मोडक्या-जप्त गाड्यांचा धंदा करू लागला. चित्रपट त्याने स्वतः लिहिला, म्हणजे लिहिला असे म्हणायचे. कारण धड संहिता अशी नव्हतीच. दिग्दर्शन त्याचे, निर्मिती त्याची, नायक तोच आणि मोटार चालवणाराही तोच. खर्च दीड लाख डॉलरच्या आसपास. अमेरिकेच्या हिशेबाने म्हणजे फुंकर मारून दिवाळी केली. पोलिसांच्या गाड्या त्याने सरकारी लिलावात घेतल्या होत्या, सरासरी दोनशे डॉलरला एक. चित्रपट सत्त्याण्णव मिनिटांचा आणि त्यात मोडलेल्या गाड्या त्र्याण्णव. मिनिटाला जवळजवळ एक! हिशेब मी केला तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, "भंगारवाल्यालाच परवडेल, सर. दुसऱ्याचं काम नाही." या एका वाक्यात त्याने त्या चित्रपटाचे जे मर्म सांगितले ते मला सांगता आले नसते. त्या माणसाजवळ पैसा नव्हता, नट नव्हते, भाषा नव्हती. त्याच्याजवळ मोडक्या मोटारी होत्या, आणि मोटार कशी चालते, कशी घसरते आणि कशी मोडते ही विद्या होती. त्याने ती सगळी समोर ओतली. संवाद लाकडी आहेत ते त्याला येत नव्हते म्हणून. मोटारी खोट्या नाहीत.

महामार्गावर एका ठिकाणी एलिनॉर दुसऱ्या गाडीला घासून रस्त्याकडेच्या दिव्याच्या खांबावर जाते. ते दृश्य ठरवलेले नव्हते. तो अपघात होता. तो चित्रपटात तसाच ठेवला आहे. शेवटाकडे ती मोटार अपघातात अडकलेल्या गाड्यांवरून उडी घेते. एकशे अठ्ठावीस फूट. मोटार हवेत असते तेव्हा गॅरेजमध्ये कोणी श्वास घेत नाही. पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येतो. मग ती आपटते, नाक जमिनीत रुतल्यासारखे होते, आणि ती पुन्हा पळू लागते. त्या आपटण्यात हॅलिकीच्या पाठीचे मणके दबले. आजोबा असते तर त्यांनी मान डोलावली असती. खरंच उडी मारली होती.

पुढे १९८९ साली तो याचाच दुसरा भाग काढायला निघाला. न्यू यॉर्क राज्यात बफेलोजवळ चित्रीकरण चालू होते. पाण्याची टाकी पाडायचे दृश्य होते. एक तारदोर तुटला, त्याने टेलिफोनचा खांब मोडला, आणि तो खांब त्याच्यावर पडला. त्याचे वय तेव्हा अठ्ठेचाळीस होते. यादीत मोटारीही अठ्ठेचाळीसच. कादंबरीत मी असा योगायोग घातला असता तर संपादकांनी खोडून टाकला असता.

आता ते मघाचे राहिलेले सांगतो.

पाठलाग ऐन भरात असताना, एका वळणावर पोलिसांची गाडी जोरात ब्रेक मारते आणि तिचे नाक खाली झुकते. मागचा भाग वर उचलला जातो, पुढची चाके कमानीत शिरल्यासारखी दिसतात. चांगले अर्धा क्षणभर. मग पुन्हा एका गाडीचे. मग एलिनॉरचे. एकदा दिसल्यावर ते मला सगळीकडे दिसू लागले. प्रत्येक मोटार थांबताना नमस्कार केल्यासारखी पुढे वाकत होती. आणि वळताना बाहेरच्या अंगाला कलत होती. मी इतकी वर्षे रस्त्यावर मोटारी पाहतो. स्वतःच्या मोटारीत पुढे ढकलला जातो. मला हे कधी दिसले नव्हते. नव्हते कसे? एकदा दिसले होते. एका आठवीतल्या मुलाने काढून दाखवले होते.

पंधरा-सोळा वर्षे झाली असतील. स्मरणचित्राचा तास होता. विषय मी दिला होता 'रस्त्यावरील प्रसंग'. मुलांनी जे काढायचे तेच काढले: भाजीवाली, शाळेची प्रभातफेरी, बैलगाडी. याने दोन मोटारी काढल्या, एक दुसरीच्या अंगावर येणारी. काचांचे तुकडे, धूळ, रस्त्यावर चाकांचे काळे पट्टे. आणि येणाऱ्या मोटारीचे नाक असे खाली झुकलेले, मागची बाजू वर. मी तेव्हा नवा होतो, आणि माझी पहिली कादंबरी छापून येत होती. मी लाल पेन्सिलीने शेरा मारला: 'मोटार जमिनीशी समांतर हवी. सिनेमाची पोस्टरे काढू नयेत.' दहापैकी दोन. एवढ्यावरही थांबलो नाही. ते चित्र मी वर्गापुढे उंच धरले आणि काहीतरी विनोद केला. विनोद कोणता ते आठवत नाही. वर्ग हसला हे आठवते.

त्यानंतर तो ड्रॉइंगच्या तासाला वही आणीनासा झाला. नववीनंतर शाळाच सुटली. ती माझ्या दोन गुणांमुळे सुटली असे म्हणणे म्हणजे स्वतःला फार मोठे समजणे होईल. त्याचे वडील त्याच सुमारास गेले होते, घरात कमावणारे दुसरे कोणी नव्हते, आणि हे मला तेव्हाही माहीत होते. पण शाळा सुटणे वेगळे आणि चित्र सुटणे वेगळे. शाळा परिस्थितीने सोडवली. चित्र कोणी सोडवले, याचे उत्तर त्या जीपच्या सीटवर माझ्याशेजारी येऊन बसले.

चित्रपट संपला. एलिनॉर पार चेचलेली; पण मोटारी धुण्याच्या एका ठिकाणी तिच्यासारखीच दुसरी, नवी कोरी पिवळी मोटार तिच्या चालकाला दिसते, आणि तो अदलाबदल करून पोलिसांसमोरून शांतपणे निघून जातो. पोरे कितव्यांदा तरी टाळ्या वाजवून कामाला लागली. तेवढ्यात एसटीने क्लचप्लेट आली. तो पाठीवर झोपून माझ्या मोटारीखाली सरकला. त्याचे नुसते पाय बाहेर राहिले. पायांशी बोलणे सोपे जाते.

"तुला आठवीतलं तुझं एक चित्र आठवतं का?" मी विचारले.

"कुठलं, सर?"

"मोटारींचं. दोन मोटारी होत्या."

खालून थोडा वेळ नुसता लोखंडाचा आवाज येत राहिला. मग काळा हात बाहेर आला. "सर, तो दहा-अकराचा पाना द्या जरा."

समोर फडक्यावर दहा-बारा पाने पसरलेले होते. मी एक उचलून त्याच्या हातात दिला. हात आत गेला आणि पुन्हा बाहेर आला.

"हा बारा-तेरा आहे, सर. त्याच्या शेजारचा."

पोरे बघत होती. कोणी हसले नाही. मी शेजारचा दिला.

त्याला ते चित्र आठवत होते की नव्हते, हे मला अजून कळलेले नाही. काम झाल्यावर त्याने सामानाचे पैसे घेतले आणि मजुरी घेईना; मी घ्यायला लावली, थोडी रागावूनच लावली, कारण त्या दिवशी त्याच्याकडून काही फुकट घेणे मला सोसले नसते. निघताना मी म्हणालो, "मोटार थांबताना नाक खाली जातं, नाही का रे?" तो माझ्याकडे जरा नवलाने पाहू लागला. "जाणारच, सर. वजन पुढं येतं. शॉकअब्सॉर्बर दबतात. तुमचे तर फारच दबतात. पुढच्या खेपेला बदलून टाकू."

खंडेनवमीला त्याने मला गॅरेजवर बोलावले. पाने, हातोडे, जॅक धुऊन पुसून मांडले होते, त्यांवर झेंडूची फुले. बारा-तेराच्या पान्यालाही एक फूल मिळाले होते, ते मी पाहून घेतले. प्रसाद खाताना पोरांनी सांगितले की याच नावाचा चित्रपट पुन्हा २००० साली निघाला आहे, त्यात निकोलस केज नावाचा मोठा नट आहे, तो बघायचा का? मालकाने हात झटकला. "तो नको. त्यात पैसा फार घातलाय." त्याच्या तोंडून माझ्या आजोबांचा आवाज आला.

असो. शिक्षक-खोलीतले खोटे मी अजून मागे घेतलेले नाही. मराठीच्या बाईंनी नंतर मला गाठून 'पथेर पांचाली'तल्या आगगाडीच्या प्रसंगाविषयी माझे मत विचारले. ते मी खरे दिले, कारण तो चित्रपट मला खरोखर आवडतो; फक्त त्या रात्री मी तो पाहिलेला नव्हता. मोटारचोराचे नाव ओठांवर आले होते, पण चहा नेमका गरम होऊन आला.

मात्र गेल्या सोमवारी आठवीला स्मरणचित्राचा तास होता. फळ्यावर मी विषय लिहिला: 'ब्रेक मारणारी एसटी'. वर्गात कुजबुज झाली. असला विषय परीक्षेला येत नाही हे त्यांना माहीत आहे. अर्ध्या तासाने मी बाकांमधून फिरलो. सगळ्यांच्या एसट्या जमिनीशी अगदी समांतर, पट्टीने आखलेल्या. काहींनी तर मागे धूर काढून वेग दाखवला होता आणि गाडी मात्र उभी. लाल पेन्सिल खिशातच ठेवली. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने मान वर केली.

"सर, ब्रेक मारल्यावर एसटी कशी दिसते?"

आमच्या वर्गाच्या खिडक्या रस्त्याकडे आहेत आणि शाळेसमोरच थांबा आहे. मी म्हणालो, "चला, बघू." पुढच्या क्षणी अख्खा वर्ग खिडक्यांशी. मागची मुले बाकांवर चढली. दोन रिक्षा गेल्या, एक ट्रॅक्टर गेला. मग वळणावरून लाल गाडी दिसली. चालकाने आपल्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे थांबा मागे पडत आल्यावर, ब्रेक मारला.

"झुकली! सर, झुकली!"

एवढा गलका झाला की शेजारच्या वर्गातून गणिताचे सर बाहेर आले आणि त्यांच्यामागे कार्यालयातून मुख्याध्यापक. दारात उभे राहून त्यांनी पाहिले: चाळीस मुले खिडक्यांना लटकलेली आणि ड्रॉइंगचा मास्तर त्यांच्यात.

"काय चाललंय इथे?" त्यांनी विचारले.

दुसरी एसटी येत होती. मी त्यांना हाताने थांबायला सांगितले, आणि मग माझ्या लक्षात आले की मी मुख्याध्यापकांना थांबायला सांगितले आहे. पण तोवर तेही खिडकीपाशी आले होते.